एक पॅड संपलं, दुसरं निम्मं शिल्लक: वर्सोव्यातल्या एका मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १५० सीसीची, बीएस-६, अडीच वर्षं वापरलेली. पुढे एकच डिस्क आणि सिंगल चॅनल एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला), मागे ड्रम. मालक घरपोच डिलिव्हरीचं काम करतो. अंधेरी पश्चिम, लोखंडवाला, जुहू आणि एस. व्ही. रोड हा त्याचा पट्टा, सध्या दिवसाला सरासरी ९० किमी. गाडी रात्री वर्सोवा कोळीवाड्यात उघड्यावर उभी असते, खारा वारा थेट लागतो. पावसाळ्यात अंधेरी सबवे तुंबला की वळसे वाढतात आणि चाकं निम्म्यापर्यंत पाण्यात जातात.

किलोमीटरचा काटा ४१,२०० वर होता. पुढची पॅड यापूर्वी दोनदा बदललेली. कंपनीतून आलेली जोडी २०,५०० किमी चालली, दुसरी १३,५०० आणि तिसरी अवघ्या ७,२०० किमीत आवाज करायला लागली. रस्ता तोच, चालवणारा तोच, तिन्ही वेळा पॅड कंपनीची. तरीही आयुष्य दर खेपेला घटत गेलं, आधी दोन-तृतीयांशावर, मग जवळजवळ निम्म्यावर. हे आकडे मालकाच्या मोबाइलमधल्या बिलांच्या फोटोंत होते, पण दोन्ही वेळा कोणी ते शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

तक्रार आणि पहिला अंदाज

तक्रारी तीन. ब्रेक दाबल्यावर खरखर, हलक्या ब्रेकलाही लिव्हरमध्ये धडधड, आणि गाडी ढकलताना पुढचं चाक जड. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने बाहेरून डोकावून पाहिलं आणि सांगितलं, “पॅड अजून आहे दादा, धूळ बसली असेल. नाहीतर डिस्क वाकलीय.” धडधड एबीएसची असावी अशी मालकालाही शंका होती.

एबीएसची शंका दोन मिनिटांत निकालात निघते. एबीएस चाक अडकायच्या बेतात असतानाच काम करतं. कोरड्या रस्त्यावर २०च्या वेगात, दोन बोटांच्या हलक्या ब्रेकला लिव्हर चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर धडधडत असेल, तर कारण डिस्कमध्ये शोधायचं. इथे तेच होत होतं. ‘डिस्क वाकलीय’ हा मात्र गॅरेजमधला सर्वांत स्वस्त निदानाचा प्रकार. डिस्क खरंच वाकते ती पडझडीत, किंवा चाक काढताना कोणी तिच्यावर टॉमी (लोखंडी दांडा) लावून जोर दिला तर. रोजच्या वापरातली धडधड बहुतेक वेळा जाडी सगळीकडे सारखी न राहिल्याने येते. जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारे पिस्टन मागे ढकलले जातात, ब्रेकचं तेल लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरकडे परततं आणि ते बोटांना जाणवतं.

‘पॅड अजून आहे’ हेही अर्धंच खरं होतं. बाहेरून दिसणारं पॅड होतं. चाकाच्या बाजूचं दिसत नव्हतं.

उघडल्यावर काय दिसलं

डिस्कला दोन पॅडच्या चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. हा कॅलिपर तरंगता आहे. दोन्ही पिस्टन बाहेरच्या बाजूला, चाकाच्या बाजूला पिस्टन नाही. लिव्हर दाबली की पिस्टन बाहेरचं पॅड डिस्कवर ढकलतात, आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर बाहेर सरकून आतलं पॅड डिस्कवर ओढून आणतो. लिव्हर सोडल्यावर सीलच्या पिळामुळे पिस्टन केसभर मागे येतात. आतलं पॅड मोकळं व्हायचं तर कॅलिपरनेच पिनांवरून मागे सरकायला हवं. पिना अडकल्या की ते पॅड डिस्कला चिकटून राहतं आणि ब्रेक न लावताही दिवसभर घासतं.

कॅलिपर काढल्यावर बाहेरच्या पॅडचं अस्तर, म्हणजे घासणारा थर, २.८ मिमी भरलं. आतल्या पॅडचं अस्तर एका टोकाला संपून लोखंडी पाठ डिस्कवर घासत होती, दुसऱ्या टोकाला ०.६ मिमी होतं. दोन पॅडमध्ये इतका फरक आणि त्यातलंही एक तिरकं झिजलेलं, म्हणजे पिना. उलट परिस्थिती असती, पिस्टनकडचं पॅड आधी संपलं असतं, तर पिस्टन आणि त्याच्या सीलकडे आधी पाहिलं असतं.

कॅलिपर हाताने ब्रॅकेटवर सरकवून पाहिला तर हलेना. एका पिनेचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी जाऊन पिनेवर गंज. समुद्राजवळच्या गाडीला हे साजेसंच, आणि चौकशी इथेच थांबली असती. पण जास्त घट्ट होती ती दुसरी, गंज नसलेली पिन. तिच्या टोकाला रबरी बुश असतो. तो फुगून भोकात दाटून बसला होता आणि भोवती पिवळं ग्रीस होतं, बेअरिंगला लावतात ते. २०,५०० किमीला पॅड बदलताना कोणीतरी चांगल्या हेतूनेच ते भरलं होतं. ब्रेकमधलं रबर साधारणपणे ईपीडीएम या कृत्रिम जातीचं असतं. ब्रेक ऑइल ते सोसतं, खनिज तेल सोसत नाही. तेल शोषून फुगतं आणि मऊ पडतं. या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लागतं. खाऱ्या हवेने एक पिन धरली, पिवळ्या ग्रीसने दुसरी. पॅडचं आयुष्य पहिल्या बदलानंतरच का घसरू लागलं, याचं उत्तर या बुशमध्ये होतं.

मास्टर सिलिंडरमध्ये तेल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं आणि चहासारखं काळपट. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी उतरते. गळती नसेल तर उतरलेली पातळी हीच पॅड संपत आल्याची खूण असते. इथे महिन्याभरापूर्वी कोणीतरी वरून तेल घालून ती खूण पुसून टाकली होती.

डिस्कची मापं

डिस्कवर इंग्रजी अक्षरांत किमान जाडीचा शिक्का होता, ३.५ मिमी. नवी असताना ही डिस्क ४ मिमीची. हा आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून शेजारच्या गाडीचा न धरता आपल्याच डिस्कवरचा वाचायचा. गंजाखाली दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने पुसावं, सहसा बोल्टच्या जवळ असतो.

व्हर्नियर (जबड्यांची मोजपट्टी) लावल्यावर पहिलं माप आलं ३.९ मिमी, आणि मालकाचा चेहरा खुलला. ते माप चुकीचं होतं. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे कडेला न झिजलेली धार उरते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात. खरी जाडी पॅडच्या पट्ट्यात मोजायची, तीही मायक्रोमीटरने. मायक्रोमीटर नसेल तर सारख्या जाडीचे दोन छोटे सपाट वॉशर दोन्ही बाजूंना धरून व्हर्नियर लावावा आणि वॉशरांची जाडी वजा करावी. चालून जातं, पण मिमीच्या शंभराव्या भागावर भांडायच्या लायकीचं माप ते नाही.

पट्ट्याच्या मध्यावर आठ ठिकाणी मोजलं. सर्वांत जाड ३.६१, सर्वांत पातळ ३.५३, फरक ०.०८ मिमी. धडधड तिथूनच येत होती. लोखंडी पाठीने आतल्या तोंडावर चर पाडला होता. त्यात टोकदार जबड्यांचा मायक्रोमीटर ३.४१ दाखवत होता.

डिस्क किती डोलते हे डायल गेजवर पाहिलं. गेजचं चुंबक फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या) खालच्या नळीला चिकटत नाही, कारण ती ॲल्युमिनियमची असते. क्लॅम्प लावावा लागतो. डोल ०.१२ मिमी आली. मॅन्युअलमध्ये ही मर्यादा गाडीप्रमाणे साधारण ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान असते, त्यामुळे डिस्क ‘वाकलेली’ म्हणण्यासारखं काही नव्हतं. गेज नसेल तर फोर्कला केबल टाय आवळून त्याचं टोक डिस्कला जेमतेम भिडवायचं आणि चाक फिरवायचं. आकडा कळत नाही, पण डोल आहे की नाही ते कळतं. त्याआधी चाक धरून आडवं हलवून बेअरिंग तपासणं आलंच, नाहीतर बेअरिंगची डोल डिस्कच्या नावावर जाते.

पर्याय

खरा प्रश्न डिस्कचा होता. पॅड, पिना, बूट आणि तेल बदलायचं यावर दुमत नव्हतं.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. शिक्का ३.५ आहे आणि माप ३.५३, मग डिस्क अजून चालते. त्यावर हिशोब मांडला. ४१,२०० किमीत डिस्क ०.४७ मिमी झिजली, म्हणजे हजार किमीला साधारण ०.०११ मिमी. उरलेले ०.०३ मिमी याच वेगाने सुमारे २,६०० किमीत जातात, म्हणजे या माणसाच्या कामाच्या महिन्याभरात. नवी पॅड तोवर नीट बसलेलीही नसतात, आणि डिस्क बदलताना जुन्या चरांवर बसलेली ती पॅडही टाकावी लागली असती. चरातलं माप तर आताच मर्यादेखाली होतं. पॅडची नवी जोडी टाकताना डिस्कमध्ये त्या जोडीच्या पूर्ण आयुष्याला पुरेल इतकं मांस हवं. ‘आज मर्यादेच्या वर आहे’ एवढं पुरत नाही.

लेथवर दोन्ही बाजूंनी फेसिंग मारून, म्हणजे तोंडं तासून सपाट करून घ्यायचं, हा मुंबईत हमखास सुचवला जाणारा उपाय. चर निघेपर्यंत कापायचं तर जाडी ३.४च्या खाली जाते, तिथेच तो बाद झाला. शिवाय इतकी पातळ पत्री लेथच्या चकमध्ये थरथरते आणि तोंड लाटालाटांचं निघतं. पातळ डिस्क लवकर तापते, तिची उष्णता पॅड आणि तेलात उतरते. डिस्क जाड असेल आणि कारागीर मोटरसायकलच्या डिस्कचा असेल तर फेसिंगला जागा आहे. इथे नव्हती.

ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत निम्म्या किमतीला लोकल डिस्क मिळत होती. तिच्यावर किमान जाडीचा शिक्काच नव्हता आणि एबीएसच्या रिंगची (चाकाचा वेग सेन्सरला कळवणाऱ्या कड्याची) भोकं अंदाजाने पाडलेली. रिंग थोडी जरी वर-खाली बसली तरी सेन्सरचं अंतर बिघडतं आणि एबीएसचा दिवा लागतो, म्हणून नको. कुर्ल्याच्या भंगारातली, त्याच मॉडेलची जुनी कंपनीची डिस्क हा पर्याय मात्र तितका हास्यास्पद नाही. मायक्रोमीटर घेऊन गेलात आणि ३.८च्या वरची, सरळ डिस्क मिळाली तर ती नव्या लोकलपेक्षा बरी. तेवढा वेळ मालकाकडे नव्हता.

ठरलं ते असं: कंपनीची नवी डिस्क, कंपनीचीच पॅड, पिन-बूट-बुशचं किट, डिस्कचे नवे बोल्ट आणि ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेकचं तेल. मजुरीसकट खर्च तीन हजारांच्या आसपास. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीची कडक पॅड जास्त टिकतात म्हणून मालकाला हवी होती. ती नाकारली, कारण ही डिस्क ऑरगॅनिक पॅडसाठी बनवलेली आहे. कडक पॅड स्वतः टिकतं आणि डिस्क खातं. पॅडपेक्षा डिस्क कितीतरी महाग.

मधले दोन दिवस

डिस्क दुकानात नव्हती, दोन दिवसांनी मिळणार होती. मालकाची कमाई फेऱ्यांवर. त्याने विचारलं की पिना मोकळ्या करून स्वस्तातली पॅड टाकली तर दोन दिवस चालेल का. हा निर्णय सर्वांत कठीण गेला, कारण तांत्रिकदृष्ट्या ब्रेक लावल्यावर गाडी थांबली असती. पण चरामुळे पॅडचा अर्धाच भाग टेकला असता, आणि जुलैच्या पावसात गर्दीत अर्ध्या ब्रेकवर फिरणाऱ्याला हो म्हणणं जमलं नाही. गाडी उभी ठेवली, त्याने दोन दिवस चुलतभावाची स्कूटर वापरली. दुसरं कोणी वेगळा निर्णय घेऊ शकलं असतं. त्या परिस्थितीत निदान दूरच्या ऑर्डरी आणि रात्रीचं काम बंद, एवढी अट हवी.

काम

पॅड पिन कॅलिपर गाडीवर असतानाच अर्धा फेरा सैल केली. कॅलिपर हातात आल्यावर ती सुटत नाही आणि ॲलन कीचं भोक गोल होतं. एबीएस सेन्सर आणि त्याची वायर आधी मोकळी करून बाजूला बांधली, मग कॅलिपर आणि चाक काढलं.

डिस्कच्या बोल्टना कंपनीचं थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा चिकट पदार्थ) असतं. हीट गनने तापवून, नवाकोरा ॲलन बिट हातोडीने पूर्ण आत बसवून मग जोर दिला. पाचांपैकी चार सुटले, एकाचं भोक फिरलं. त्यात एक माप मोठा टॉर्क्स बिट ठोकून तो काढला. नवे बोल्ट आधीच आणून ठेवायचे ते यासाठीच.

यानंतर हबची बैठक, आणि घाईत हीच पायरी गाळली जाते. डिस्क जिथे टेकते तिथे गंजाचा किंवा रंगाचा बारीक फुगवटा राहिला तर कडेला त्याची डोल काही पटींनी वाढते, आणि मग नवी डिस्कही ‘वाकलेली’ ठरते. बैठक पॉलिश पेपरने साफ करून बोट फिरवून तपासली. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसलं. फिरण्याच्या दिशेचा बाण पाहिला, एबीएसची रिंग बसवली, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्यात, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले. गेजवर डोल ०.०५ आली.

पिस्टन आत ढकलण्याआधी लिव्हर हळू दाबून थोडे बाहेर काढले आणि टूथब्रश व ब्रेक क्लीनरने घासले. मळकट पिस्टन तसाच आत ढकलला की चिखल सीलवरून आत जातो. मास्टर सिलिंडरचं झाकण उघडून सिरिंजने तेल कमी केलं, कारण वरून भरलेलं जास्तीचं तेल पिस्टन मागे जाताच उसळून पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर सांडलं असतं. डॉट ४ रंग उतरवतं; सांडलंच तर लगेच पाण्याने धुवावं. पिस्टन अंगठ्यांनी आत गेले, म्हणजे सील ठीक.

पिनांची भोकं पिवळं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत साफ केली, नवे बूट आणि बुश बसवले, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला. ग्रीस ठासून भरलं तर हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी परत येते. कॅलिपर आता एका बोटाने सरकत होता. पॅडच्या पाठीमागची पत्री आणि स्प्रिंग जुनीच, साफ करून लावली. पॅडच्या अस्तराला ग्रीसच्या हाताने शिवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तेल पारदर्शक नळी आणि ८ मिमीच्या रिंग पान्याने, ताजं दिसेपर्यंत निपलमधून काढलं. तेलाची टाकी मध्येच रिकामी होऊ दिली नाही. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) हवा शिरली तर साध्या ब्लीडिंगने, म्हणजे निपलमधून तेल-हवा काढून, ती निघेलच असं नाही. डॉट ४चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, आणि पाणी शोषल्यावर १५५. मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांनी तेल बदलणं ही चैन नाही.

गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप केली. पॅड बदलल्यावरचा पहिला ब्रेक रिकामा जातो. गॅरेजच्या दारातले अपघात यातूनच होतात.

निकाल

पहाटे रिकाम्या न्यू लिंक रोडवर ४०-५०च्या वेगावरून १०पर्यंत, चाक न अडकवता, पूर्ण न थांबता पंधराएक वेळा ब्रेक लावून पॅड बसवली. दर दोन ब्रेकमध्ये थंड व्हायला अंतर ठेवलं. पुढचे ३०० किमी जोराचे ब्रेक टाळायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लिव्हर किंचित मऊ लागली, म्हणजे हवेचा बुडबुडा राहिला होता. लिव्हर रात्रभर रबराने ग्रिपला ओढून बांधली, सकाळी तेलाच्या टाकीजवळ आलेली हवा एका ब्लीडिंगमध्ये गेली. पावसात उभी राहिल्यावर सकाळी पहिले दोन ब्रेक करकरतात, ती डिस्कवरची रात्रीची तांबेरी. त्यावर काही केलं नाही.

३,००० किमीनंतर, पावसाळा चालू असताना पॅड पुन्हा मोजली. बाहेरचं आणि आतलं यांत ०.१ मिमीचा फरक. डिस्कच्या जाडीतला फरक आठही ठिकाणी मिमीच्या एका शतांशाच्या आत. चाक मोकळं फिरत होतं, धडधड नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

३४,००० किमीला जुनी दोन पॅड शेजारी ठेवून पाहिली असती तर फरक तेव्हाच दिसला असता. त्या वेळी पिन किट आणि सिलिकॉन ग्रीस एवढ्या दोन-तीनशे रुपयांत काम भागलं असतं आणि डिस्क वाचली असती. काढलेली पॅड गॅरेजवाला कोपऱ्यात फेकतो. ती मागून घ्यावीत.

आतलं पॅड चाक न काढता दिसतं. गाडी सेंटर स्टँडवर, मोबाइलचा टॉर्च कॅलिपरच्या मागच्या फटीतून चाकाच्या बाजूला. अस्तरातली खाच दिसेनाशी झाली किंवा १.५ मिमीच्या खाली गेलं की बदलायचं. या गाडीला हे दर २,००० किमीला, म्हणजे महिन्यातून एकदा, आणि वर्सोव्यात उभी राहणार असेल तर पिना दर पावसाळ्याआधी उघडून साफ.

पहिल्याच दिवशी न तपासलेली एक गोष्ट ३,००० किमीच्या तपासणीत सापडली: डिस्कच्या बाजूच्या फोर्कवर तेलाचा पुसट वेढा. सील पाझरायला लागलं आहे. नवी पॅड टाकण्याआधी फोर्क पुसून, चार वेळा दाबून पाहायला हवं होतं, कारण तेल पॅडवर उतरलं की ती धुऊन परत येत नाहीत. चाक बाहेर होतं तेव्हाच सील बदललं असतं तर अर्धी मजुरी वाचली असती. आता ते काम पुढच्या आठवड्यावर आहे, तोवर फोर्कवर रोज सकाळी कापड.